सतरा गाड्या, एक कपबशी

रविवार, १२ डिसेंबर १९९३. सकाळी ७.१०

आजपासून पुन्हा रोजनिशी. या वर्षीची ९ जानेवारीलाच बंद पडली होती, पण तो दोष वहीचा. कागदावर शाई फुटायची. ही वही चांगली आहे.

कारणही तसंच आहे. काल प्रमोदिनीताई घरी आल्या. या महिला मंडळाच्या अध्यक्ष, नागरिक समितीच्या अध्यक्ष, आणि आमच्या सोसायटीत पाणी किती वाजता सोडायचं हेही त्याच ठरवतात. २६ जानेवारीपासून महिनाभर, रोज संध्याकाळी, तलावपाळीजवळच्या मैदानावर सर्वभाषिक खाऊजत्रा. सतरा गाड्या एका रांगेत. कोळी, मद्रासी, सिंधी, गुजराती, यूपीवाले, राबोडीचे कबाबवाले चाचा, सगळे. गेल्या जानेवारीतली दंगल ठाण्यात कुणी विसरलेलं नाही. ताईंचं म्हणणं, माणसं शेजारी शेजारी उभी राहून खातील तेवढा वेळ तरी त्यांची तोंडं भरलेली राहतील.

सगळ्या गाड्यांवर एकच चित्र हवंय. ते मी काढायचं. मी लगेच सांगितलं की याला व्हिज्युअल आयडेंटिटी म्हणतात. ताई म्हणाल्या, काहीही म्हणा, पण वेळेत द्या.

एकोणीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवतोय. स्नेहसंमेलनाचे पडदे, विज्ञान प्रदर्शनाचे बोर्ड, हेडमास्तरांच्या मुलीच्या लग्नातली रांगोळी, सगळं माझ्या हातचं. कुठेही माझं नाव नाही. या वेळी चित्राखाली येणार : 'संकल्पना : ह. वि. टिपणीस'. ही माझी एकमेव अट. ताई म्हणाल्या, बघू.

संकल्प : रोज दोन तास काम. आणि बाहेरचं खाणं पूर्ण बंद. डॉक्टरांनी पित्तावर तेच सांगितलंय, शिवाय संध्याकाळी तलावाला पाच फेऱ्या मारायला सांगितल्यात. त्याही आजपासून.

मंगळवार, १४ डिसेंबर

पेन्सिलींना टोकं काढली. टोक काढणं हेसुद्धा कामच आहे, लोकांना कळत नाही.

अभ्यासाशिवाय चित्र नाही. उद्यापासून सतरा गाड्यांचं निरीक्षण. खायचं नाही, फक्त बघायचं.

बुधवार, १५ डिसेंबर. रात्री ८

दाल-पकवान. मालक उल्हासनगरहून येतात, फार सज्जन माणूस. न खाता नुसतं टक लावून बघणं बरं दिसेना, म्हणून एक प्लेट. पकवानाचा गोल आकार चित्रासाठी महत्त्वाचा वाटला, म्हणून दुसरी.

फेऱ्या झाल्या नाहीत. तलाव बघितला मात्र.

गुरुवार, १६ डिसेंबर

आज चेंदणीच्या नाक्यावर ठमाबाईंच्या गाडीवर गेलो. ठमाबाई म्हणजे तिथल्या कोळीवाड्यातल्या. पापलेट, बोंबील, कोलंबी, सगळं तव्यावर. यांच्या बोंबलाची कीर्ती नौपाड्यापर्यंत आहे. गाडी झाकलेली, तवा थंड, बाई स्टुलावर बसून वेणी गुंफत होत्या. मी म्हटलं, आज बोंबील नाहीत का? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरलो. म्हणाल्या, मास्तर, आज मारगेसरचा गुरवार, माझे घरा घट मांडलाय आन् तुमी बोंबील इचारताय? बायको करते का नाय घरी?

मी छातीठोकपणे सांगितलं, आमच्याकडे असलं काही नसतं.

घरी आलो तर चौरंगावर कलश, पाच पानं, देवीचा मुखवटा, समोर सुमती पोथी वाचत बसलेली. लग्नाला सतरा वर्षं झाली, सतरा वर्षं ती हे करते म्हणे. पोथी न थांबवता तिने खुणेने विचारलं, कुठे होतात? मी म्हटलं, पूजेसाठी फळं आणायला. तिने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि पुढचा अध्याय काढला.

शुक्रवार, १७ डिसेंबर

ठमाबाईंकडे पुन्हा गेलो, कालचा गैरसमज दूर करायला. दोन बोंबील. माशाच्या अंगात जी रेषा आहे ती कुठल्याच भाजीत नाही. ही रेषा नीट समजायला रोज जावं लागणार.

सुमतीने विचारलं, शर्टाला वास कसला? मी म्हटलं, तलावाचा. पाच फेऱ्या मारल्यावर येणारच.

रविवार, १९ डिसेंबर

समितीची सभा. विषय रंग. मला वाटलं दहा मिनिटांचं काम.

आमच्या वॉर्डात पोटनिवडणूक लागली आहे. त्यामुळे केशरी म्हटल्याबरोबर अर्धी सभा उठली, हिरवा म्हटल्यावर उरलेली अर्धी. निळ्याला दोघांची ना, लाल तर नकोच. पिवळ्यावर फरसाणवाले शहा म्हणाले, गिऱ्हाइकाला कावीळ आठवेल. पांढरा दोन दिवसांत काळा होणार. मग मी म्हटलं, काळाच घ्या, संक्रांत जवळ आहे, शुभ असतो. ताई म्हणाल्या, काळा फासलात तर जत्रेवर संक्रांत आलीच म्हणून समजा.

शेवटी माझ्या सूचनेवरून मोतिया ठरला. म्हणजे सूचना पोपटची होती, पण त्याने ती माझ्याकडे बघून केली. पोपट हा पेंटर. स्टेशन रोडवरच्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या. तो म्हणाला, साहेब, तुमचं चित्र ठरेपर्यंत मी सगळ्या पत्र्यांवर लाल ऑक्साइडचा हात मारून ठेवतो, गंज धरायला नको. मी म्हटलं, मार. असल्या तांत्रिक गोष्टींत मी लक्ष घालत नाही.

बुधवार, २२ डिसेंबर

पहिलं स्केच : मासा. शहा म्हणाले, मासा आला तर माझी गाडी नाही.

दुसरं स्केच : मासा काढून टाकलेला. ठमाबाई म्हणाल्या, मासा नाय तं मी पन नाय. इतके दिस बोंबील खाल्लेस ते कं उगाच?

सभेत हे एवढ्या मोठ्याने बोलायची गरज नव्हती.

गुरुवार, २३ डिसेंबर

तिसरं : तवा. भेळवाले म्हणतात, आमच्याकडे चूलच पेटत नाही, तवा कसला? चौथं : नारळ. दाल-पकवानवाले आणि चाचा म्हणाले, आमच्यात नारळ पडतच नाही. पाचवं : मिरची. मुलांना कोण आणणार मग, असं ताईच म्हणाल्या.

चायनीजच्या गाडीवर गेलो. मालक धोंडीबा. संस्कृतीचा अभ्यास म्हणून विचारलं, मूळ कुठलं? म्हणाला, जावळी तालुका. त्याला ड्रॅगन हवाय, पण जरा आपल्या नागोबासारखा, गिऱ्हाईक घाबरायला नको. नूडल्स चांगले होते. चौकशी करताना समोर काहीतरी असावं लागतं.

शनिवार, २५ डिसेंबर

सतरा गाड्यांत समान असं काहीही नाही. हे मी शास्त्रीय पद्धतीने सिद्ध केलंय. पित्त वाढलंय. उद्यापासून बाहेरचं बंद.

रविवार, २६ डिसेंबर. सकाळी ९

सुचलं! एकदम सुचलं. अशा गोष्टी आतून येतात.

चहा पीत बसलो होतो. सुमती म्हणाली, एवढं डोकं कशाला शिणवताय, ते सतराही जण गाडी लावण्याआधी एकाच टपरीवर चहा पितात ना? मग चहाचा ग्लास काढा, भांडण कुणाचं नाही. ती हे बोलत असतानाच मला स्वतंत्रपणे चहा सुचला.

फक्त ग्लास नाही. ग्लास फार गल्लीतला वाटतो, शिवाय लांबून बिअर बार वाटेल. मी काढणार कपबशी. वाफेच्या सात रेषा, प्रत्येक रेषा म्हणजे एक भाषा. सुमती म्हणाली, टपरीवर कपबशी कोण देतं? तिला मी समजावलं की कला आणि टपरी यांत फरक असतो.

मंगळवार, २८ डिसेंबर

सभेत कपबशी मंजूर. एकमताने! शहांचा विरोध नाही, ठमाबाईंचा नाही. ठमाबाई इतकंच म्हणाल्या, बशीन् एक बोंबील ठेवला असता तं बरं झालं असतं. चाचांनी उठून हात मिळवला. सभेत मला टाळ्या मिळाल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. घरी येईपर्यंत ऊर भरून आला होता, हे लिहायला लाज वाटत नाही.

सहीचं विचारलं. ताई म्हणाल्या, घाला बाबा.

रविवार, २ जानेवारी १९९४

पोपट खाका करणार. म्हणजे चित्र एकदा जाड कागदावर काढायचं, रेषांवर टाचणीने भोकं पाडायची, कागद पत्र्यावर धरून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची. चित्र ठिपक्यांनी उमटतं, मग ब्रश फिरवायचा. सतरा गाड्यांवर सतरा सारख्या कपबश्या.

मी म्हटलं, सहीपण खाक्यात घे. तो म्हणाला, साहेब, सही एकाच गाडीवर टाका, शोभेल. सतरा ठिकाणी कशाला? आम्ही पेंटर लोक तर टाकतच नाही. मी त्याला म्हटलं, म्हणूनच तुम्ही पेंटर राहता. नंतर वाटलं, जरा जास्त बोललो. पण तो हसला.

नवीन वर्षाचा संकल्प : बाहेरचं बंद, पाच फेऱ्या. कालपासून सुरू करायचा होता, पण काल शनिवार होता.

शुक्रवार, १४ जानेवारी. संक्रांत

सुमतीने तिळगूळ दिला आणि म्हणाली, गोड बोला, आणि एकदा खरं बोला. कशाबद्दल ते विचारलं नाही.

रविवार, १६ जानेवारी. संध्याकाळी ६

सतराही गाड्या तयार. मैदानात ओळीने उभ्या. मोतिया रंग, मधोमध कपबशी, खाली 'संकल्पना : ह. वि. टिपणीस'. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. सतरा वेळा स्वतःचं नाव वाचलं. मग उलट चालत आलो. दोन्ही मिळून चौतीस.

रिक्षा युनियनचे नाथाभाऊही बघायला आले होते. चार निवडणुका लढले, चारही पडले, या पोटनिवडणुकीतही अपक्ष उभे आहेत. त्यांनी कपबशी फार वेळ निरखून पाहिली. म्हणाले, मास्तर, काय डोकं लावलंय! सामान्य माणसालाही कला कळते ती अशी.

गुरुवार, २० जानेवारी

दुपारी स्टाफरूममध्ये बातमी. आज अपक्षांना निशाण्या वाटल्या. नाथाभाऊंना कपबशी.

योगायोग. दोन कपबश्यांत पुष्कळ फरक असू शकतो. माझ्या कपाला वाफ आहे.

शुक्रवार, २१ जानेवारी

नाथाभाऊंचं पोस्टर पाहिलं. त्यांच्या कपालाही वाफ आहे. सात रेषा मोजल्या.

शनिवार, २२ जानेवारी

नाथाभाऊंची रिक्षा भोंगा लावून गल्लीत शिरली. ताई, माई, आक्का, कपबशीवर मारा शिक्का. आमच्या दारात थांबली. नाथाभाऊ उतरले, मला हार घातला आणि भोंग्यातूनच म्हणाले, मास्तर, तुमच्या गाड्या बघूनच मी निशाणीच्या अर्जात पहिली पसंती कपबशी टाकली, आयता प्रचार, सतरा ठिकाणी!

सगळ्या सोसायटीने खिडकीतून पाहिलं. प्रमोदिनीताईंच्या खिडकीचा पडदा एकदम ओढला गेला. सुमतीने हारातली फुलं देवाला वाहिली. ग्लास काढा म्हटलं होतं, असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

सोमवार, २४ जानेवारी. सकाळी ११

नोटीस. निवडणूक अधिकाऱ्यांचा शिपाई शाळेत, सातवी ब च्या वर्गावर आला. 'सदर निशाणीचे संकल्पक म्हणून आपले नाव सर्व सतरा गाड्यांवर आढळून आल्याने' असं लिहिलंय. परवा सकाळपर्यंत सगळ्या कपबश्या पुसाव्यात, नाहीतर जत्रेला परवानगी नाही.

ताईंना नोटीस नाही. समितीला नाही. पोपटला नाही. त्यांचं नाव कुठेच नव्हतं.

एक मात्र आहे. सरकारी कागदावर माझं नाव आलं, तेही टाइप केलेलं. सध्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय.

दुपारी ४

ठमाबाई घरी आल्या. शिरताना चपला बाहेर, कमरेला पदर खोचलेला. म्हणाल्या, मास्तर, परवा गाडी लागली नाय तं मी कं करू? नाक्यावरची जागा मी सोरलीय, तिथं दुसऱ्यान् गाडी लावली. चाचांनी पन राबोडीची सोरलीय. तुमचा चित्र राहील, आमचा धंदा जाईल.

वही उघडली तेव्हापासून मी माझ्या नावाचाच विचार करत होतो, हे खरं आहे. पोपटला निरोप पाठवला : सगळं पूस.

मंगळवार, २५ जानेवारी

दिवसभर मैदानात. मोतिया रंग संपलेला, दुकानात उद्याशिवाय नाही. पोपटकडे लाल ऑक्साइडचे डबे उरलेले होते, तेच सगळ्या गाड्यांवर सरसकट फासले. एकेक कपबशी जाताना बघवेना. मी तलावाकडे तोंड करून उभा राहिलो. फेरी मारायचंसुद्धा सुचलं नाही.

शेवटची गाडी ठमाबाईंची. कप गेला, बशी गेली, वाफ गेली, 'संकल्पना' गेलं. तेवढ्यात बाईंनी पोपटचा हात धरला. म्हणाल्या, नाव ऱ्हाऊ दे. निशानी पुसाला सांगितलीय, नाव कुनी सांगितलाय? मास्तर दीड महिना खपलाय. पोपटने माझ्याकडे पाहिलं आणि ब्रश डब्यात ठेवला.

एवढ्या सगळ्यात हे एकच बरं झालं.

बुधवार, २६ जानेवारी. रात्री ९.३०

पौषात उद्घाटन कसं, असं कुणीतरी विचारलं. ताई म्हणाल्या, झेंडावंदनाला पौष नसतो. विषय संपला.

गर्दी अफाट. शहांच्या ढोकळ्यासमोर चाचांची सून, चाचांच्या कबाबासमोर आमचे संस्कृतचे सर. धोंडीबाचा ड्रॅगन कागदाचा होता, त्याला त्याने फणा काढला होता.

सतराही गाड्या विटकरी. दिव्यांत सुरेख दिसत होत्या, हे मान्य करावं लागेल. लोक एकमेकांना सांगत होते, तांबड्या गाड्यांपाशी भेट. ताई भाषणात म्हणाल्या, हा मातीचा रंग, हा कुठल्या पक्षाचा नाही, कुठल्या जातीचा नाही, हीच आपल्या जत्रेची ओळख. आणि या रंगाबद्दल पोपट पेंटरला शाल आणि नारळ.

मी टाळ्या वाजवल्या. वाईट वाटलं. खरंच वाटलं. पोपट खाली उतरून सरळ माझ्याकडे आला आणि नारळ माझ्या हातात देऊ लागला. मी घेतला नाही. घ्यायला हवा होता.

गुरुवार, २७ जानेवारी

विचार केला. रंगाला 'मार' असं मीच म्हटलं होतं, १९ डिसेंबरला. नोंद आहे. तेव्हा लाल ऑक्साइड ही मूळ संकल्पना माझीच ठरते. ताईंना पत्र लिहिणार.

सुमतीला वाचून दाखवलं. तिने विचारलं, फेऱ्या कितीवर आल्या?

मंगळवार, १ फेब्रुवारी

हेडमास्तरांनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, सत्कार. ते म्हणाले, टिपणीस, नोकरीत असताना परवानगीशिवाय जोडधंदा करता येत नाही, माहीत आहे ना?

ठमाबाईंच्या गाडीवर आता ठळक अक्षरांत नुसतंच 'ह. वि. टिपणीस' उरलंय. लोकांना वाटतं मालकाचं नाव. साऱ्या ठाण्यात गाडी टिपणीसांची म्हणून प्रसिद्ध झाली आहे. शारीरिक शिक्षणाचे सर डोळा मारून म्हणाले, टिपणीसांची कोलंबी काल संपली होती हो, आमच्यासाठी बाजूला ठेवत जा. सातवी ब च्या फळ्यावर कुणीतरी पापलेट काढलं होतं. रेषा चांगली होती.

उद्याच जाऊन नाव पुसायला सांगणार.

बुधवार, २ फेब्रुवारी

गेलो होतो. रांग फार होती. रांग मोडून पुढे होऊन बोलणं शिष्टपणाचं दिसलं असतं. दोन बोंबील.

गुरुवार, ३ फेब्रुवारी

एक पापलेट. विषय निघाला नाही.

शुक्रवार, ४ फेब्रुवारी. रात्री ८

आज निश्चयाने गेलो. सुमतीला सांगितलं, तलावाला पाच फेऱ्या, आज सहा मारतो.

ठमाबाईंनी मला पाहून न विचारता तव्यावर बोंबील टाकले. म्हटलं, आधी खाऊन घेऊ, उपाशीपोटी माणूस कठोर बोलतो. दुसरा बोंबील तोंडात असताना रांगेतून एका बाईंचा आवाज आला. गाडीवरचं नाव वाचून त्या विचारत होत्या, अहो मावशी, हे टिपणीस कोण हो? मालक का?

मी घास गिळला, कॉलर नीट केली. मनात वाक्य तयार होतं : बाईसाहेब, या जत्रेची व्हिज्युअल आयडेंटिटी ज्यांनी केली ते. पण उत्तर ठमाबाईंनी दिलं. उलथन्याने माझ्याकडे बोट केल्यासारखं करून म्हणाल्या, मालक नाय गो बाय, ह्यो आमचा रोजचा गिऱ्हाईक. डिसेंबरपासून एक दिस चुकला नाय, मारगेसरचे गुरवार सोरून.

मी वळून पाहिलं. विचारणारी सुमती होती. हातात माझी पित्ताची गोळी आणि पाण्याची बाटली. तिने गोळी माझ्या प्लेटच्या कडेला ठेवली आणि ठमाबाईंना सांगितलं, दोन बोंबील मलाही द्या, टिपणीसांच्या नावावर.